पूजेचं पाणी

माझ्या मुलीच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. डोळे खोल गेले होते. रडणं सकाळीच थांबलं होतं. तीन वर्षांची पोर पाणी मागत होती आणि सासूबाई तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, पाणी दिलं की माणूस जातं, असं तेव्हा सगळेच समजत.

"देऊ नकोस गो. अशी माणसं जाताना बघितल्येत मी."

माझे यजमान मुंबईच्या प्रयोगशाळेत ह्याच रोगावर काम करत. साथ आली म्हणून सरकारनं त्यांना रत्नागिरीकडे धाडलं होतं. जयगडच्या बाजूला गावोगाव विहिरींत लाल औषध टाकत ते हिंडत होते. पहिली विहीर आमची. म्हणून मी निर्धास्त होते.

निरोप धाडून दुपार टळली, तरी ते आले नाहीत. मी तांब्या ओढून घेतला आणि चमच्यानं पाजू लागले. ती ओकायची, मी पुन्हा पाजायची. वाचवत होते की मारत होते, मला ठाऊक नव्हतं.

हे आले ते वहाणांसकट आत. शिरेतून द्यायचं मिठाचं पाणी काढता काढता विचारलं, "विहिरीखेरीज कुठलं पाणी प्यायली?"

"कुठलंच नाही," मी म्हटलं.

"तीर्थ देत्ये रोज," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या रंगीत पाण्यानं देवाला आंघोळ घालू? पऱ्यावरनं आणत्ये."

त्या ओढ्यावर वरच्या वाडीतले लोक आजाऱ्यांची धुणी धूत होते.

"लाल जास्वंद चालते ना तुझ्या देवाला?"

"ती माझ्या परसातली. तुझं औषध कुणी केलं, कोण जाणे."

"आई, तूही घेतलंस तीर्थ?"

"न घेऊन कसं चालेल?"

ह्यांचा हात थांबला. मग शीर सापडेना. मी पोरीचा दंड आवळून धरला, तेव्हा कुठे सुई लागली.

पुढे हे सरकारचे सल्लागार झाले. साथीच्या गावात गेले की आधी पूजेचं पाणी कुठून येतं ते विचारत, विहीर मागाहून बघत. बरोबरचे डॉक्टर हसत.

सासूबाईंना त्या दुपारच्या दुसऱ्याच दिवशी जुलाब सुरू झाले. त्यांनाही तेच मिठाचं पाणी दिलं. पोर वाचली. सासूबाई गेल्या.