रेकॉर्डभाऊ आणि पोटरीतली गाठ

रेकॉर्डभाऊ माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे, आधी पायांकडे. आमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणी लंगडत आलं की हे खोलीतून बाहेर. "काय घुसलं होतं, भाऊ?" डॉक्टरांचा प्रश्न केसपेपर सांभाळणाऱ्या कारकुनाने विचारावा, याचं पेशंटना काहीच वाटत नसे. नव्या डॉक्टरांना मात्र फार वाटे.

त्यांचं काम खरं म्हणजे खोलीत बसून करायचं. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं, आजारांच्या जाडजूड यादीत त्याचा क्रमांक शोधायचा आणि कागदावर टाकायचा. यालाच कोडिंग म्हणतात. सहा महिन्यांचा कोर्स करून मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा अर्धी यादी मला पाठ होती आणि त्याचा माजही होता. नागभीडहून रोज येणारे भाऊ माझ्या टायपिंगचा वेग पाहून म्हणायचे, "हळू वो माय. मागं वाघ नाई लागला."

आमच्याकडे जंगलात जाणाऱ्याच्या पायात काहीतरी घुसणं ही काही बातमी नाही. वर दिसेल ते काढतात, बिब्बा लावतात आणि कामाला जातात. आत राहिलेल्या तुकड्याभोवती मात्र शरीर हळूहळू भिंत घालतं आणि कधी वर्षादोन वर्षांनी तिथे गाठ उठते. यादीत तिला वेगळी जागा आहे. कातडीत असेल तर एक क्रमांक, खाली मांसात असेल तर दुसरा, जखम ताजी असेल तर तिसराच. डॉक्टर घाईत नुसतं 'गाठ, पाय' एवढंच लिहीत. भाऊ कागद घेऊन त्यांच्या दाराशी उभे राहत. "गाठ तं मलेही दिसून राह्यली, साहेब. कशाची अन् किती खोल, थे लिहा." साहेब वैतागत, पण लिहून देत.

जैनीबाई नदीपलीकडच्या, गडचिरोलीतल्या एका जंगलगावच्या. पोटरीत लिंबाएवढी गाठ घेऊन आल्या. डॉक्टरांनी लिहिलं, ट्यूमरची शंका, नागपूरला तपासणी. भाऊ त्या दिवशी रजेवर होते. मी 'शंका' हा शब्द सोडून दिला आणि सरळ कॅन्सरचा क्रमांक टाकला. शंकेला पक्क्या आजाराचा क्रमांक द्यायचा नाही, हे कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात! नागपूरला पाठवायच्या चिठ्ठीवर क्रमांकाबरोबर त्याचा अर्थही छापून आला. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी तो वाचून दाखवला. जैनीबाईंनी चिठ्ठी छपरात खोचली आणि मरायचं तर घरीच, असं सांगून टाकलं.

आशाताईंचा फोन भाऊंनी घेतला. केसपेपर काढून दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "उद्या रविवार हाय. डबा आन."

एसटी जिथे संपते तिथून पुढे आम्ही तासभर चाललो. जैनीबाई अंगणात सुजलेला पाय लांब करून बसल्या होत्या. भाऊ त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "तो नंबर चुकीचा पडला, बाई. चूक माही हाय. डाक्टरनं कॅन्सर लिहिलाच नाई."

मी तिथेच उभी होते. अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या पाहत राहिले.

मग त्यांचा नेहमीचा प्रश्न. काहीच घुसलं नव्हतं, असं बाई सांगत राहिल्या. भाऊ हटले नाहीत. शेवटी निघालं की दोन पावसाळ्यांपूर्वी त्या तोडलेल्या बांबूच्या खुंटावर पडल्या होत्या.

"पन निंघालं होतं सगळं."

"सगळं निंघालं, हे कोनं पाह्यलं?"

बाईंचा हात गाठीवर गेला. भाऊ म्हणाले, "आत काय हाय थे मी नाई सांगू शकत. मी कारकून हाय. पन पाह्यल्याबिगर मरू नोका."

तिसऱ्या दिवशी जैनीबाई आल्या. नागपूरला पोटरीच्या मांसातून बांबूचा आगकाडीएवढा तुकडा निघाला.

आमच्याकडे मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, चुकीचा क्रमांक कुणी टाकला. "माह्या खोलीतून गेला," भाऊ म्हणाले आणि बोलणी खाल्ली. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. माझी नोकरी कच्ची होती, हे कारण मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला देत आले. खोलीत परतल्यावर त्यांनी चुकीच्या क्रमांकावर एक बारीक रेघ मारायला लावली, खालचं वाचता येईल अशी. "लपवलं तं पुढच्याले कसं समजन?" शेजारी बरोबर क्रमांक लिहून झाला. सहीसाठी त्यांनी पेन माझ्यापुढे धरला, जरा थांबले, आणि मग स्वतःच सही केली.

आता मी नागपुरात एका कंपनीसाठी हेच काम करते. गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. बातमी कळली आणि का कोण जाणे, मला जैनीबाईंना सांगायला जावंसं वाटलं. एसटी, मग तीच वाट. त्यांनी लगेच ओळखलं आणि खाट ओढली. पण भाऊंचं नाव काढायच्या आधी माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"तो नंबर मी टाकला होता, बाई. भाऊंनी नाही."

"मालूम हाय मले. थे बोलून राह्यले होते अन् तू कोंबड्या पाहून राह्यली होती."

"तरी तुम्ही आलात?"

"आपली चूक नसूनही मानूस एवढ्या दूर पायी आला. मंग म्हटलं, जावं." त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला आणि हसून विचारलं, "बरे हायत नं भाऊ?"