एक दाबा, दोन दाबा आणि आमचे मोसाजी

थांबा, बाकी सगळं बाजूले ठेवा, हे मले आत्ताच्या आत्ता सांगू द्या, नाही तर माझं डोकं फुटन. अख्ख्या भिलाईत आमच्या मोसाजीएवढा अडेल माणूस नाही. हे मी रागात म्हणून राहिली असं समजू नका, शांत बसून विचार केला तरी हेच निघते. मोसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पावर हाउसच्या बाजारात त्यायचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. कूलर जळला, बोरचा पंप बसला, की खुर्सीपारपासून कोहक्यापर्यंतचे लोक तिथंच फोन लावतात. पण मोसाजी फोन उचलत नाहीत. काहून? तर फोनमंधी माणसाचा चेहरा दिसत नाही, अन् चेहऱ्याशिवाय बोलणं त्यायले भिताडाशी बोलल्यासारखं वाटते. मी म्हटलं, व्हिडिओ कॉल करा ना मंग, त्याच्यात चेहरा दिसते. तर म्हणे, "त्याच्यात पाय कुठं दिसतात?" आता तुमीच सांगा, पंप सुधरवाले कोणाचे पाय पाहा लागतात.

म्हणून सारे फोन मावशीच घेत आली. दिवसभर काउंटरवर बसून, मागं मशीन घरघरून राहिली तर तिच्याही वरून ओरडून. अन् ऐन कूलरच्या सीझनात मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरनं साफ सांगितलं, नंतर गळ्याले पूरा आराम, बोलल्या तर आवाज परत येईल याची गॅरंटी नाही. मावशी अन् चुप? फोन वाजला की तिचा हात आपोआप जाते, अन् हाताच्या आधी तोंड. मंग मीच ठरवलं, ऑपरेशनच्या आधी दुकानात फोनची सिस्टम बसवाची. फोन मशीनच उचलन, कूलरसाठी एक दाबा, पंपासाठी दोन दाबा, कॉल सीधा कारागिराकडे, बात खतम. मी ढीगभर रिव्ह्यू वाचले, प्लॅन ताडून पाहिले, डेमोवाल्या पोरायले दुकानात बोलावलं.

मोसाजी असे बसले जसं घरात सोयरीक आली. पहिल्या पोराले गाव कोणतं, वडील काय करतात, इथपासून सुरू. त्याले पोहे खाऊ घातले, मंग त्याच्या सिस्टममंधली बाई ऐकली.

"ही कोण होय?"

"अंकल जी, रिकॉर्डिंग है."

"हाव, पण कोणाची?"

तो बिचारा लॅपटॉपमंधी त्या बाईचं नाव शोधाले लागला. बाई नापसंत, चढेल वाटते म्हणे. दुसऱ्याच्या सिस्टममंधी थांबलं की गाणं वाजे. मोसाजी म्हणाले, "ज्याच्या घरी पाणी नाही चढून राहिलं त्याले तू गाणं ऐकवतं?" तिसरीतली बाई बोलली की आपने गलत नंबर दबाया है, तर मोसाजी उठूनच गेले. आपल्या गिराइकावर कोणी रागावलेलं त्यायले चालत नाही, मशीन असली तरी.

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "मोसाजी, तिकडं मावशीचा गळा अन् इकडं तुमी आवाज पसंत करून राहिले?"

"तुले काय समजते बे पोट्टी. यायच्यातली एक तरी विचारते काय, जेवन झालं का म्हणून?"

आमच्या दुकानाची रीतच तशी. मावशी फोन उचलला की आधी जेवनाचं विचारन, मंग मोटरचं. पण मशीन कायले विचारन? मोसाजी म्हणे, "मंग नाही पायजे." ऑपरेशन तोंडावर आलं होतं. शेवटी मीच हरली. वायंडिंग बंद करून मावशीचाच आवाज भरला. ती पदर नीट करून मोबाइलसमोर बसली जशी फोटो काढून राहिली. नमस्कार, जेवन झालं काय, कूलरसाठी एक दाबा. मोसाजीनं मधातच थांबवलं. "जेवनाच्या मागं जागा सोड थोडी. माणूस जवाब देईन ना." मशीनले कोणी जवाब देत नाही म्हणून मी गळा फाडून सांगितलं. जागा सोडावीच लागली.

अन् आता ऐका. ऑपरेशन झालं, मावशी कोहक्याच्या घरी चुपचाप बसून आहे, अन् इकडं एकही माणूस बटन दाबत नाही. एकही नाही. सारे जवाब देतात. बटन नाही दाबलं तर सिस्टम बोलणं मेसेज म्हणून ठेवते, अन् तो ढिगारा ऐकून कूलर कोणाचा, पंप कोणाचा, हे काढाचं काम कोणाचं? माझं. "हव दाई, बासी खा के निकले हंव. तैं कइसे हस?" म्हणजे हो माय, शिळा भात खाऊन निघालो, तू कशी आहे? अन् पंपाचं नावच नाही, फोन बंद. मोसाजी काय म्हणतात, तर जागा कमी पडून राहिली, आणखी वाढव.

काल मी पक्कं ठरवून गेली की तो जेवनाचा प्रश्न उडवते. मावशीले पटावं म्हणून तिच्यासमोर ते मेसेज लावले. कोणी म्हणे भाकर खाल्ली, कोणी म्हणे आज उपास आहे काकू, तुमचा गळा कसा आहे. प्रत्येक आवाजाले मावशीचे ओठ हलले, पण आवाज तिनं काढला नाही. फक्त मान हलवली, त्या मोबाइलकडे पाहून, हाव, हाव. संपले की बोटानं मले खूण करे, आणखी लाव. मोसाजी बाजूले बसून संत्रं सोलून राहिले होते, एक फोड तिच्या हातात, एक आपल्या तोंडात. तिचा आवाज परत कसा येईल, येईल की नाही, डॉक्टर अजून काही सांगत नाही.

मी काही उडवलं नाही. राग तर अजूनही आहे, आजही सकाळपासून ढिगारा ऐकून राहिली. पण तुमच्यासोबत झालं काय कधी असं, की चांगलं भांडाले म्हणून घरात गेले अन् भांडण विसरून त्याच माणसाच्या बाजूले संत्रं खात बसले?