उसाची न पिणारी स्कूटर

आमच्या साडूंनी मला जितक्या वेळा मान खाली घालायला लावली, तितक्या वेळा उभ्या मुंबईत दुसऱ्या कुणी कुणाला लावली नसेल. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार लालबाग, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. माणूस सोन्यासारखा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ह्या सोन्याला पेट्रोल पंपाजवळ न्यायची सोय नाही. पंप दिसला की त्यांच्या अंगात येतं, आणि बाजूला जो कोणी नातेवाईक उभा असेल त्याने तोंड कुठे लपवायचं ते आधीच ठरवून ठेवावं. बहुतेक वेळा तो नातेवाईक मीच असतो.

पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल मिसळतात हे तुम्हाआम्हाला पेपरात वाचून कळलं. आपण ‘असेल बुवा’ म्हणालो आणि पान उलटलं. साडूंनी मात्र ती बातमी मनाला लावून घेतली. इथेनॉल हा शब्द ते उच्चारतच नाहीत, ‘उसाची’ म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की उसापासून जी करतात ती दारू, आणि ज्या माणसाने सगळा जन्म गिरणगावात काढून ओठाला थेंब लावला नाही, त्याने आपल्या स्कूटरला ती का पाजावी? “मी घेत नाही, आणि ती बिचारी घेणार?” असं ते भर पंपावर विचारतात. स्कूटर त्यांची जुनी, फिकट निळी, बाजूला कलती केल्याशिवाय किक न घेणारी. तिच्यासाठी ते शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरतात, त्यात म्हणे उसाची नसते. किंमत दीडपट, आणि मिळतं मोजक्याच ठिकाणी. त्यामुळे लालबागहून निघायचं, वाटेतल्या सगळ्या पंपांकडे तुच्छतेने बघायचं आणि पार ताडदेवच्या पुढे जायचं. जाण्यायेण्यात जे जळतं त्याचं काय, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, “तू देवळात जाताना चपला झिजतात, त्याचा हिशेब करतोस का रे?”

बरं, तिथेही विश्वास नाही. खिशात खोकल्याच्या औषधाची रिकामी काचेची बाटली असते. तीत थोडं पाणी, त्यावर थोडं पेट्रोल, बूच लावून खळखळ हलवायचं आणि उजेडाकडे धरून बघत राहायचं. उसाची पाण्यात उतरते, म्हणून खालचं पाणी वाढलेलं दिसलं की समजायचं, मिसळलेली आहे. ही परीक्षा चालू असताना मागे रांग लागते, हॉर्न वाजतात, टॅक्सीवाले आईबहिणीपर्यंत पोचतात. पंपावरचा पोऱ्या म्हणतो, “काका, पुढे घ्या ना यार!” साडू शांत. मी मात्र मोबाइल कानाला लावून नसलेल्या माणसाशी बोलत असतो. आमच्या मेहुणीबाई मालवणच्या, त्या एका वाक्यात निकाल लावतात : “तेंका कोण सांगतलो?” गल्लीतल्या मेकॅनिकनेही सांगून पाहिलं की जुना रबरी पाइप इथेनॉलने मऊ पडतो हे खरं, पण मग पाइप नवा टाका, विषय संपला. साडूंना विषय संपवायचाच नव्हता. मी परळच्या हॉस्पिटलात अपेंडिक्स काढून पडलो होतो तेव्हा शहाळं घेऊन आले. डॉक्टर राउंडला आले, “काही त्रास?” म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत साडूंनी विचारलं, “डॉक्टर, तुम्ही गाडीत कुठलं भरता?” डॉक्टर म्हणाले, “ड्रायव्हर भरतो.” त्यावर साडूंनी त्यांच्याकडे इतक्या कणवेने पाहिलं की पेशंट कोण तेच कळेना. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने स्वतःचं लग्न जमवलं ते नेमकं कुठे? मुलगा कोल्हापूरकडचा. इथे माटुंग्याला शिकत असताना ओळख झालेली. आता नोकरी साखर कारखान्यात, आणि कारखान्यातही जिथे इथेनॉल बनतं त्याच खात्यात! घरी चार पिढ्यांचा ऊस. बोलणी करायला मुलाकडची माणसं यायची होती त्याच्या आदल्या दिवशी भाची माझ्याकडे आली. “काका, त्यांच्याकडे आधीच कुरकुर आहे, मुंबईची मुलगी टिकेल का म्हणून. मला दुसरं कुणी नको आहे. तेवढं बाबांना सांभाळा. पेट्रोलचा विषय नको.” मी साडूंकडून देवाच्या तसबिरीसमोर वचन घेतलं. “मला काय अक्कल नाही?” असंही ते म्हणाले.

मंडळी आली, मुलगा नि त्याचे वडील, दोघंच. मुलाचे वडील धिप्पाड, पांढरी टोपी, बोलणं कमी. पोहे झाले, चहा आला, देण्याघेण्याचं काही नाही असं दोन्हीकडून ठरलं. माझा जीव भांड्यात पडतोय तोच मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, “खाली निळी स्कूटर कुनाची? लय जपलीया की. काय खाती ही?” झालं! मी साडूंचा पाय दाबला. मेहुणीबाई आतून म्हणाल्या, “गप रवा हां.” पण इतक्या वर्षांत त्यांना कुणी आपणहून विचारलंच नव्हतं हो. ते खुलले. बाटली निघाली. उसाची काय नि काय, सगळं झालं, आणि शेवटी, “लोकांच्या गाड्यांना दारू पाजणारे हे कारखाने... पाप आहे हो हे!” मुलगा जमिनीकडे बघत होता. भाची दारात ट्रे घेऊन तशीच उभी. पाहुण्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “पाव्हणं, त्या उसावरच हे पोरगं शिकलं बघा.” आवाज चढवला नाही. उठताना मात्र “कळवतो” म्हणाले. बोलणीतलं ‘कळवतो’ म्हणजे काय हे ज्याच्या घरात मुलगी आहे त्याला सांगायला नको. मला तर जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

मंडळी जिना उतरल्यावर भाची रडली नाही. एवढंच म्हणाली, “बाबा, त्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी शाळेत जायचे, मैत्रिणी हसायच्या. मला कधी तुमची लाज वाटली नाही. आज वाटली.” साडूंनी बाटली खिडकीत ठेवली आणि खाटेवर बसून राहिले.

पाहुणे परळला नातेवाइकांकडे थांबले होते, संध्याकाळी दादरहून त्यांची बस होती. पाचच्या सुमाराला साडूंचा फोन. “बाइक काढ. मी त्यांना दादरला सोडतो म्हणून सांगितलंय. तू मुलाला घे. मला एकट्याला जमायचं नाही.” पुढे स्कूटरवर ते नि मुलाचे वडील, मागे बाइकवर मी नि मुलगा. वाटेत साडूंनी स्कूटर पंपात घातली. असल्या पंपात, जिथे ते जन्मात गेले नसते. पण त्यांची कीर्ती तिथेही पोचलेली, तिथल्या माणसाने ओळखलं. “काका, शंभरवालं नाय आपल्याकडे.”

“माहितेय. साधं टाक. फुल्ल.”

वडील मागून उतरले. “अवो, आमच्यापायी कशाला? जुनी गाडी हाय, बिघडंल.”

“बिघडू दे,” साडू टाकीत बघत म्हणाले. “सकाळी मी जे बोललो त्याची मला लाज वाटते. पोरीवर राग काढू नका.” मुलाच्या वडिलांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. बस पनवेलला पोचायच्या आत होकाराचा फोन आला.

लग्न झालं, भाची सुखात आहे. साडू आता कोपऱ्यावरच्या पंपावर, इतरांसारखेच, रांगेत गप्प उभे राहतात. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटत नाही. परवा जावई आले होते. तेच म्हणाले, “बाबा, जुन्या गाडीला तुमचंच पेट्रोल बरं. टाका की. मी कशाला रागावेन?” साडू हसून म्हणाले, “नको हो, चालते ती.” चालत कसली, मागच्या आठवड्यात परळच्या पुलावर मीच धक्का मारला होता. जावई गेल्यावर मी म्हटलं, “भाऊ, चला ताडदेवला. मी येतो बरोबर.”

“नको रे,” ते म्हणाले, “तुला लाज वाटते ना.”

रागाने नाही, अगदी सहज म्हणाले. मला इतकी वर्षं वाटत होतं, त्यांना ते कधी कळलंच नसेल.