सांडूमामांचं सेशन

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात रत्नमाला डेटाबेस सांभाळायची. बारा वाजल्यापासून गेटपास निघंनात, सात ट्रक फाटकात अडकले. मॅनेजर दारातूनच ओरडला, "साडेबाराला गाड्या सुटल्या नाय तर तू घरी!"

तिनं काळ्या स्क्रीनवर कमांड मारली. कोण कोणाला अडवून बसलंय, त्याची यादी खाली उतरली. सगळ्यात वर स्टोअरचे सांडूमामा. सकाळपासून मोजलेला माल ते भरत होते अन् सेव्ह मात्र एकदाच, शेवटी दाबायचे. तोवर त्या मालाच्या नोंदी दुसऱ्या कुणाला उघडेनात, अन् बाराच्या ट्रकांत नेमका तोच माल.

तिनं फोन लावला. "मामा, सेव्ह दाबा!"

"पोरी, मी पार शहरात, औरंगपुऱ्यात हाय, चष्म्याची काडी बसवाया. पाऊण तास थांब की."

"मग तुमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड सांगा, मी दाबते."

"तो बोटांना ठाव हाय, तोंडाला नाय."

सेशन, म्हणजे मामांचं उघडं राहिलेलं काम, इथूनच तोडलं तर म्हाताऱ्याच्या सेव्ह न केलेल्या तीनशे नोंदी जाणार. घड्याळात बारा पंचवीस.

"मामा, तोडते मी. घाला शिव्या."

मामांनी लई मनापासून घातल्या. तिनं सेशन तोडलं, गेटपास निघाले अन् फाटकात इंजिनं घुरघुरली. रत्नमाला स्टोअरमधून मोजणीचे कागद उचलून आली अन् मामा पोचायच्या आत पहिल्या नोंदीपासून भरायला बसली.