मावशींनी ‘नाही’ म्हटलं तेव्हा

बालगृहातल्या बारा मुलींचं सगळं मावशीच बघायच्या. वेणीफणी, ताप, गृहपाठ, भांडणं. एकोणीस वर्षं झाली होती. पण सहीचा अधिकार त्यांना नव्हता. मुलींचं पालक सरकार, आणि सरकारच्या वतीने सही करायच्या त्या कार्यालयातल्या अधिकारी बाई. दात काढायचा असला तरी कागद तिकडे जायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब.

नऊ वर्षांच्या चिमणीचा सहलीचा कागद परत आला, तोवर वर्ग सहलीला जाऊनही आला होता. मावशी तो कागद घेऊन थेट कार्यालयात गेल्या.

बाईंनी तारीख पाहिली. “चारशे मुलांची पालक आहे मी,” त्या म्हणाल्या, “आणि एकाचाही चेहरा आठवत नाही.” मग त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. “रोजचे निर्णय मला लेखी तुमच्याकडे सोपवता येतात. ऑपरेशन, दत्तक, मुलीला दुसरीकडे हलवणं तेवढं माझ्याकडे राहील.”

“आणि माझं काही चुकलं तर?”

“दोघी मिळून उत्तर देऊ. आजवर हे कुणी मागितलंच नव्हतं हो.”

अधिकार सोपवल्याचं पत्र आलं, आणि आठवड्याभरात चिमणी शाळेचा कागद घेऊन हजर. तिला मैत्रिणीबरोबर सायकलवरून शाळेत जायचं होतं. मावशी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेल्या, चौकात उभं राहून ट्रक बघितले आणि परत आल्या.

“नाही.”

“कार्यालयाला विचारा ना.”

इतकी वर्षं मावशी हेच सांगत आल्या होत्या, विचारते म्हणून. वाईटपणा परस्पर कार्यालयाच्या माथी जायचा. “कार्यालय नाही,” त्या म्हणाल्या, “मीच नाही म्हणतेय.”

चिमणी दोन दिवस गाल फुगवून बसली. दार आपटलं, वेणी घालून घेईना. कार्यालयावर ती कधी अशी रुसली नव्हती. मावशींना वाईट वाटत होतं, आणि आत कुठेतरी बरंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारची जुनी सायकल मागून आणली. महिनाभर रोज संध्याकाळी त्या अंगणात सायकलमागे धावल्या, गुडघे दुखेपर्यंत. मग चौक टाळून जाणारा गल्लीतला रस्ता चिमणीला दोनदा चालत नेऊन दाखवला.

त्यानंतर त्यांनी शाळेच्या कागदावर सही केली. चिमणीने कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “आता कुठे पाठवायचा हा?”

“कुठेच नाही,” मावशी म्हणाल्या. “दप्तरात ठेव.”