मस्टरमधला मयत

पलूसच्या बाजूला बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर मालकाचा वकील आधी माझ्या दारात उभा राहील. तिथं सकाळी आठला हजेरी होते. मी पहिल्यांदा गेले त्या सकाळी मुकादमाने एका पुरुषाचं नाव पुकारलं आणि तो थांबला. खरोखर कुणाची तरी वाट पाहावी तसा. बेदाणा निवडणाऱ्या बाया माना खाली घालून उभ्या. पंख्यांची घरघर, तोंडातून निघणारी वाफ. मग त्याने मस्टरवर पेन टेकवलं. गैरहजर.

ज्याचं ते नाव होतं, ती माझ्या शेजारी उभी होती.

सात वर्षं तिने इथंच हमाल म्हणून बॉक्स उचलले, त्या जुन्या नावाने. मग कलेक्टर कचेरीतून रीतसर प्रमाणपत्र आणलं. त्यावर तिचं बाईचं नाव. निवडायच्या टेबलावर बसू लागली. कचेरीने मानलं ते मुकादमाने मानलं नाही. जुन्या नावाला ‘हजर’ म्हण, हजेरी लावतो, एवढंच त्याचं म्हणणं. ‘काय रं, नाव इसरलास व्हय?’ असं रोज वर. ती गप्प राहायची, दिवसभर बेदाणा निवडायची आणि कागदावर गैरहजर असायची. दहा दिवसांनी नोटीस आली: सतत गैरहजर, कामावरून कमी का करू नये. सात वर्षांची नोकरी अशी, हाक मारून मारून घालवायची.

टेबलाच्या टोकाला खिळ्यावर तिचं हमालीचं जाड जाकीट अजून लटकत होतं. पंख्याच्या वाऱ्याने त्याच्या बाह्या फुगायच्या, जणू आत हात आहेत. त्या टोकाला कुणी बसत नव्हतं. मी का म्हणून विचारलं, तर एक नवी बाई हळूच म्हणाली, ‘तितं तो असतोय.’

मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिणारी. २०१९चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा मला पाठ. नोकरीत भेदभाव करायचा नाही, प्रत्येक ठिकाणी तक्रार अधिकारी नेमायचा. इथं तो कुणी पाहिलेला नव्हता. चौकशीसाठी मी तिचा जबाब तयार केला आणि दोन दिवस तिच्याकडून घोकून घेतलं: आले, बसले, निवडले. कारण आमच्याकडे बायकासुद्धा ‘मी आलो, मी बसलो’ म्हणतात. मीही रहिमतपूरला तसंच बोलायचे. पुण्याच्या कॉलेजात हसले, म्हणून सोडलं. बाहेरच्या माणसासमोर पुस्तकी बोललेलं बरं, असं मी ठरवलं. मीच.

चौकशीला मालकाने पुण्याहून एक साहेब आणला. गोदामाबाहेरच्या खोलीत तो बसला. तिची तीन उत्तरं छान गेली, ‘आले’, ‘बसले’ सगळं जागच्या जागी. चौथ्याला त्याने विचारलं, नोटिशीच्या दिवशी किती वाजता आलात?

‘साडेसातला आलो.’

साहेबाने पेन खाली ठेवलं. ‘आता खरं तोंडातून निघालं,’ म्हणाला, आणि ते लिहून घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यापासून तिला तिचं बोलू दिलं असतं, तर ती चूक वाटलीच नसती.

मग कंपनीची साक्षीदार आली. सगळ्यांत जुनी निवडणारी, तिला सगळे आक्का म्हणत. हिने टेबलावर बसायला बायकांची हरकत आहे, एवढं आक्काकडून वदवायचं होतं. सुरुवातीला साहेबाने सहज विचारलं, तुम्ही इथं कधीपासून?

‘मी व्हय? बारा वर्सं झाली की आलो त्याला.’

‘आलो?’

‘मग काय म्हनू? बाईमानूस हाय म्हनून उडत आलो म्हनू?’

 आक्काच्या मागे गोदामाचं दार अर्धवट उघडलं होतं. पांढरी वाफ खोलीत सरपटत आली आणि त्या वाफेतून आवाज आला, ‘मी बी आठ वर्सं झाली आलो.’ मग दुसरा, ‘मी बी दिवाळीपासनं आलो.’ एकामागून एक, एकाच सुरात, एकाही बाईचा चेहरा दिसत नव्हता. साहेबाने खुर्ची मागे ओढली. शेवटचा आवाज माझ्या अगदी जवळून आला. ‘मी बी रहिमतपूरवरनं आलो.’ तो माझाच होता.

नोटीस मागे घेतली. नवं नाव मस्टरवर चढवायचं ठरलं.

दोन दिवसांनी क्लार्कने आम्हाला पान दाखवलं. जुन्या नावावर लाल रेघ, कारणाच्या रकान्यात एक शब्द: मयत. कॉम्प्युटरला तीनच कारणं चालतात म्हणाला, सोडून गेला, निवृत्त, मयत. पहिल्या दोन्हींना त्या माणसाची सही लागते. आणि खाली तिचं नाव, रुजू झाल्याची तारीख आजची. सात वर्षं त्याच्याबरोबर मेली.

मी तावातावाने कलम काढलं. तिने माझ्या दंडावर हात ठेवला. आत जाऊन खिळ्यावरचं जाकीट काढून आणलं आणि अंगात घातलं. फुगणाऱ्या बाह्या गप्प झाल्या.

‘मेला ते बरं झालं,’ ती क्लार्कला म्हणाली. ‘लय थंडी वाजत हुती त्याला. आता वारस म्हनून मला लावा. त्याची सात वर्सं माझ्या नावावर करा.’

‘नातं काय?’ क्लार्कने सवयीने विचारलं. मग त्याच्याच ध्यानात आलं आणि त्याने मस्टर मिटलं.

सात वर्षं अजून मिळालेली नाहीत. अर्ज मी लिहिलाय, कलमं शेवटी टाकलीत. पहिली ओळ तिची आहे, तिने सांगितली तशीच: सात वर्सं मी रोज कामावर आलो.