झेरॉक्सवरची सही

जिंतूरच्या एसटी स्टँडवर अप्पांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही. माझ्या शर्टाची दोन बटणं सोडली, ओरिजिनल मार्कशीटांची फाईल आत सरकवली आणि बटणं परत लावली. आईनं दिलेला डबा वरच्या रॅकवर गेला, फाईल मात्र भोसरीपर्यंत पोटाशी राहिली. मेकॅनिकलची डिग्री नुकतीच हातात आली होती आणि मी पहिली नोकरी शोधायला निघालो होतो. "ओरिजिनल कुणाच्या हातात द्यायचं नाही. झेरॉक्स दिलीस तर तिच्यावर आडवं लिहून दे, कशासाठी दिली ते," गाडी हलेपर्यंत अप्पा एवढंच बोलत होते.

अप्पांचं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. कुणाच्या कागदावर कोण जामीन झालं, कुणाच्या नावावर कुणी सिमकार्ड काढलं, असल्या भानगडी त्यांनी आयुष्यभर काउंटरपलीकडून ऐकल्या. त्यामुळे आमच्या घरात देवावर विश्वास होता, माणसावर जरा बेतानंच.

गावी राहिलेल्यांना वाटतं, पोरगा शहरात गेला की रमतो. माझे पहिले तीन महिने फक्त संशय घेण्यात गेले. एमआयडीसीच्या प्रत्येक खांबावर 'त्वरित भरती'चा कागद चिकटवलेला, खाली मोबाईल नंबर. एका कन्सल्टन्सीत बसल्या बसल्या चहा आला, तेव्हाच मी ओळखलं की इथं काहीतरी काळंबेरं आहे. ओरिजिनल जमा करा म्हणाले, तसा अर्धा चहा टाकून उठलो. तिथं माझा अंदाज खरा निघाला, आणि तोच घात झाला. त्यानंतर मला सगळेच तसले दिसू लागले. घरमालकीण आक्कांनी पोलीस व्हेरिफिकेशनसाठी आधारची झेरॉक्स मागितली, तर मी तिच्यावरही 'फक्त भाडेकरारासाठी' असं ठळक लिहिलं. आक्कांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "आमी काय कागद खातो व्हय रं?" म्हणाल्या आणि कागद घेऊन आत गेल्या. नंतर त्यांनी वाटीभर आमटी पाठवली. ती का पाठवली असेल, यावरही मी विचार करत बसलो.

खोलीत माझ्यासोबत प्रसाद राहायचा. चिपळूणचा, चाकणच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शनला होता. शिफ्टवरून आला की न विचारता माझाही भात टाकायचा. मी आरशासमोर 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ची उत्तरं घोकायचो, तेव्हा हसू दाबून प्रश्न विचारायचा. असा माणूस मला फुकट मदत का करतोय, हे कोडं मला सुटत नव्हतं. मी अंघोळीला जातानाही फाईल सोबत न्यायचो आणि रिकाम्या बादलीवर उलटी परात ठेवून तिच्यावर ठेवायचो.

एके दिवशी त्यानं सांगितलं की त्यांच्याकडे क्वालिटीला जागा निघाली आहे, झेरॉक्सचा सेट दे, मी आत पोचवतो. मी सेट काढला. प्रत्येक पानावर आडवं लिहिलं : 'फक्त नोकरीच्या अर्जासाठी. गैरवापर झाल्यास प्रसाद जबाबदार.' एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पेन त्याच्यापुढे धरलं आणि खाली सही कर म्हणालो.

प्रसादनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मांडीवर वही घेऊन सगळ्या पानांवर सह्या केल्या, अगदी नीट, पूर्ण नावानिशी. त्या दिवशी भात मात्र त्यानं एकट्यापुरताच टाकला.

आठवड्यानं मुलाखतीला बोलावलं. भोसरीहून चाकणला जाताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, पण तिकीट ज्यानं त्यानं काढलं. क्वालिटीच्या मॅनेजरांनी माझ्यापुढे एक बुश, म्हणजे धातूची छोटी जाड नळी, ठेवला. सप्लायरचा ओके टॅग लावलेला होता. पास करायचा का, म्हणाले. मी टॅग बाजूला केला, व्हर्नियर मागितला, तीन ठिकाणी मोजलं आणि रिजेक्ट म्हणालो. ते खूश झाले. सप्लायरकडून आलेला माल तपासायला असाच माणूस लागतो, म्हणाले. मग माझा सेट चाळताना त्यांचा हात थांबला. सगळं आडवं लिहिलेलं त्यांनी शांतपणे वाचलं.

"हा प्रसाद तुमचा कोण?"

"रूम पार्टनर आहे, सर."

"सात पानांवर सही करून तुमची जोखीम घेतली त्यानं. अजून रूम पार्टनरच का?"

नोकरी लागली होती, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. गेटबाहेर प्रसाद उभा होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "जेवलायस काय?"

या गोष्टीला चार वर्षं झाली. आता आम्ही पुनावळ्यात दोघं मिळून फ्लॅट घेऊन राहतो. कंपनीत मी अजूनही कुठल्याच टॅगवर विश्वास ठेवत नाही, त्याचाच पगार मिळतो. गावी गेलो की मात्र दोन दिवसांनी मला इकडची आठवण येऊ लागते, आणि आईला ते कळतं. तुमच्यापैकी जे असे निघून आले असतील, त्यांना हे ओशाळलेपण सांगायला नको. घर कुठलं, असं विचारलं तर मी आजही जिंतूरच सांगतो. पण फाईल पोटाशी न धरता मला झोप लागते ती जागाही घरच म्हणायची.

यंदा धाकटी बहीण मनीषा बी.कॉम. झाली. तीही नोकरीसाठी इकडेच यायची म्हणते. परवा अप्पांचा फोन आला. तिची फाईल लावताना त्यांना माझी आठवली होती.

"तुझी ओरिजिनल कुठं आहेत?"

"प्रसादच्या कपाटात."

"किल्ली?"

"त्याच्याकडंच."

मागे झेरॉक्सचं मशीन चालू होतं. मग अप्पांनी हळूच विचारलं, "मग मनीच्या झेरॉक्सवर लिहायचं का न्हाई?"

"लिहायचंच अप्पा," मी म्हणालो. "फक्त तिला सांगा, जो भात टाकतो त्याची सही मागू नको."